उदयपूरचा सज्जनगड आणि १९८३ सालचा अणुबाँब

स्मरणिकेतला इतिहासाचा लेख म्हटला की गड, लढाया आणि तहनामे यांची अपेक्षा असते. यंदाच्या लेखात गड आहे, दोन तहही आहेत. निमित्त मात्र आहे जेम्स बाँडच्या एका चित्रपटाचे. संपादक मंडळाने ते चालवून घेतले, याबद्दल आधीच आभार.

गेल्या हिवाळ्यात आम्ही इंदूरची चार मराठी कुटुंबे नीमच-चित्तोडमार्गे उदयपूरला गेलो होतो. पिछोला तलावाकाठच्या गच्च्यांवर जी उपाहारगृहे आहेत, त्यांतल्या काहींत वर्षानुवर्षे रात्री एकच चित्रपट लावतात : 'ऑक्टोपसी'. समोर पडद्यावर लेक पॅलेस आणि मान वळवली की पाण्यात तोच लेक पॅलेस, दिव्यांनी उजळलेला! आम्ही हा चित्रपट कॉलेजच्या दिवसांत पाहिला होता. बाँड आपल्या देशात आला, कबीर बेदी त्याच्याशी तोडीस तोड लढला आणि टेनिसपटू विजय अमृतराज रिक्षा पळवता पळवता रॅकेटने गुंडांना झोडपत होता, एवढेच लक्षात राहिले होते. त्या वयात तेवढे पुरेसे होते. चार दशकांनी पुन्हा पाहताना मात्र जाणवले, की तेव्हा ज्याने आम्ही भारावलो ते सारे खोटे होते आणि ज्याला हसलो ते खऱ्याच्या फार जवळचे होते.

आधी थोडक्यात कथा. पूर्व बर्लिनमध्ये विदूषकाच्या वेशातला एक ब्रिटिश हेर मारला जातो. त्याच्या हाती रत्नजडित अंड्याची नक्कल सापडते. तिचा माग काढत बाँड, म्हणजे रॉजर मूर, उदयपूरला येतो. तिथे कमाल खान हा परागंदा अफगाण राजपुत्र राहतो. क्रेमलिनमधले खरे दागिने बाहेर काढून विकायचे आणि जागी नकली ठेवायचे, हा त्याचा धंदा. त्याच्यामागे आहे ऑर्लोव्ह नावाचा सोव्हिएत सेनापती, आणि त्याचा डाव दागिन्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे. त्याच्याकडे नंतर वळू.

कमाल खानाचा पडद्यावरचा महाल म्हणजे उदयपूरचा सज्जनगड. नाव ऐकून आपल्या मनात सातारा आणि समर्थ उभे राहतात. पण हा गड महाराणा सज्जनसिंहांचा. टेकडीवर नऊ मजली इमारत बांधून वेधशाळा करायची, असा त्यांचा मनसुबा होता. १८८४ साली ऐन पंचविशीत ते वारले आणि पुढे महाराणा फतेहसिंहांनी काम आटोपशीर करून पुरे केले. ग्रहतारे पाहण्यासाठी योजलेली वास्तू जगाच्या स्मरणात राहिली ती एका खलनायकाचा अड्डा म्हणून!

लेक पॅलेसचीही तीच गोष्ट. अठराव्या शतकात महाराणा जगतसिंह दुसरे यांनी बांधलेला हा जलमहाल १९६० च्या दशकातच हॉटेल झाला होता. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. राजवाड्यांची हॉटेले कशी होतात, हे इंदूर-ग्वाल्हेरकरांना वेगळे सांगायला नको. चित्रपट मात्र १९८२ साली तिथे पोचला आणि त्याने पडद्यावर संस्थानी काळ पुन्हा थाटला. हत्तीवरून वाघाची शिकार काय, ताटात मेंढ्याचे मुंडके काय, बाजारात गारुडी, खिळ्यांवर झोपणारा आणि तलवार गिळणारा काय! वाघाची शिकार आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंद झाली होती आणि १९७३ पासून व्याघ्र प्रकल्प चालू होता. दहा वर्षांपूर्वी गुन्हा ठरलेली गोष्ट पडद्यावर नित्याची करमणूक म्हणून दाखवली होती. आम्हालाही त्या वेळी त्यात काही खटकले नाही, हे कबूल केले पाहिजे.

शेवटी बाँड सज्जनगडावर उतरतो तो गरम हवेच्या फुग्यातून, आणि त्या फुग्यावर आहे भलामोठा युनियन जॅक. गच्चीवर या दृश्याला सगळे हसले. आम्ही जरा थबकलो. मेवाडने कंपनी सरकारशी तह केला तो १८१८ च्या जानेवारीत. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी मंदसोरचा तह केला तोही त्याच महिन्यात. मेवाड इंग्रजांच्या आश्रयाला गेले याचे एक मोठे कारण म्हणजे शिंदे-होळकरांच्या फौजांनी खंडणीपायी त्या राज्याला आणलेली जेर. उदयपूरला सहलीला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी तेही विसरू नये. असो. तो झेंडा उतरून पस्तीस वर्षे झाल्यावर चित्रपटाने तो मेवाडच्या आकाशात पुन्हा चढवला, निव्वळ गंमत म्हणून.

याहून मोठी गंमत अशी, की शीतयुद्धाची ही गोष्ट निम्मी भारतात घडते आणि तिच्यात भारत सरकार जवळजवळ कुठेच नाही. इथले लोक आहेत ते साहेबाला मदत करायला, नाहीतर त्याचा मार खायला. प्रत्यक्षात मार्च १९८३ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद भरली होती आणि इंदिरा गांधी तिच्या अध्यक्षा होत्या. १९७१ पासून सोव्हिएत संघाशी आपला मैत्री करार होता. आणि ज्या राजस्थानात हे चित्रीकरण झाले, त्याच राजस्थानात पोखरणला १८ मे १९७४ रोजी आपण अणुस्फोट करून दाखवला होता. अणुबाँबच्या कथेत हे कोणालाच आठवले नाही.

चित्रपटाचा पहिला खेळ लंडनला ६ जून १९८३ रोजी झाला. त्यानंतर तीनच दिवसांत भारताचा विश्वचषकातला पहिला सामना सुरू झाला आणि २५ जूनला कपिल देवने लॉर्ड्सवर चषक उचलला. संघात आपले गावसकर, वेंगसरकर आणि संदीप पाटील होते. एकाच महिन्यात लंडनकरांनी दोन भारत पाहिले. त्यांतला खरा कोणता, हे वेगळे सांगायला नको.

आता ऑर्लोव्हचा डाव. पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकी हवाई तळावर सर्कशीच्या सामानातून अणुबाँब न्यायचा आणि उडवायचा. जगाला वाटावे की अमेरिकेचाच बाँब चुकून फुटला. मग पश्चिम युरोपातली घाबरलेली जनता अण्वस्त्रे हटवायला लावील आणि सोव्हिएत रणगाड्यांना रस्ता मोकळा होईल. कॉलेजात असताना हा आम्हाला शुद्ध आचरटपणा वाटला होता.

पण त्या वेळचा युरोप डोळ्यांपुढे आणा. सोव्हिएत संघाने नवी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे रोखलेली होती आणि उत्तरादाखल अमेरिकेची क्षेपणास्त्रे पश्चिम जर्मनीत यायची होती. १९८२ च्या डिसेंबरात सुमारे तीस हजार स्त्रियांनी इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन तळाला हातात हात गुंफून वेढा घातला. अपघाताची भीतीही पोकळ नव्हती. १९६६ साली स्पेनमधल्या पालोमारेस गावावर अमेरिकी विमानाला हवेत अपघात झाला होता आणि चार हायड्रोजन बाँब खाली पडले होते. अणुस्फोट झाला नाही, पण माती किरणोत्सर्गी झाली आणि समुद्रात पडलेला बाँब शोधून बाहेर काढायला अडीच महिन्यांहून अधिक काळ लागला. चित्रपटातला सोव्हिएत अध्यक्ष हुबेहूब ब्रेझनेव्हसारखा दिसतो. खरे ब्रेझनेव्ह नोव्हेंबर १९८२ मध्ये वारले. प्रेक्षकांनी चित्रपट पाहिला तेव्हा त्या खुर्चीवर गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख आंद्रोपोव्ह बसले होते.

आणि खरा धोका आला तो चित्रपट झळकल्यावर. १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने वाट चुकलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले. २६९ माणसे गेली. पंचवीसच दिवसांनी, २६ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर, मॉस्कोजवळच्या एका नियंत्रण केंद्रात यंत्रांनी इशारा दिला, की अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडले आहे. मग आणखी चार. कामावर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह. त्यांनी विचार केला : खरेच युद्ध सुरू करायचे असेल, तर कोणी पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील? यंत्रणा बिघडली आहे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले आणि वाट पाहिली. काहीही आले नाही. ढगांवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. जगाला हे कळले ते १९९० च्या दशकात. पेत्रोव्ह यांना मात्र बोल लागला, नोंदवहीत वेळच्या वेळी नोंदी का केल्या नाहीत म्हणून! सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या आमच्यातल्या दोघांना हे अगदी पटले.

चित्रपटाच्या शेवटी बाँड विदूषकाच्या वेशात तळावर शिरतो, बाँब आहे म्हणून जीव तोडून सांगतो आणि लष्करी अधिकारी त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. पडद्यावर सारे थोडक्यात बचावतात ते त्याच्या धावपळीमुळे. तीनच महिन्यांनी प्रत्यक्षात यंत्रे ओरडत होती, आणि संकट टळले ते एक माणूस त्यांचे न ऐकता खुर्चीवर बसून राहिला म्हणून. अशा माणसावर चित्रपटमालिका निघत नाही.

खेळ संपल्यावर एका नातवाने विचारले, "आजोबा, असा बाँब खरंच होता का?" होता, आणि एक नव्हे, हजारो होते. १९८७ साली रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी करार करून मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडीत काढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो करार संपला. हे दुसरे वाक्य आम्ही त्या रात्री नातवाला सांगितले नाही. सांगायला हवे होते, असे आता वाटते; म्हणून इथे लिहून ठेवले.

उदयपूरला गेलात तर त्या गच्चीवर जरूर बसा. विजय अमृतराजच्या रॅकेटला हसा, कबीर बेदीला टाळ्या द्या. शेवटचा घोट घेताना एक टाळी पेत्रोव्ह यांच्या नावाने वाजवा. आसपासचे लोक चमकून पाहतील. मग त्यांनाही ही हकिकत सांगा.