‘असाधारण क्षमता’ व्हिसा : संशोधकांसाठी निकष, पुरावे आणि प्रतीक्षा

हार्बर मार्गावरील जुईनगर स्थानकातून मुंबईच्या दिशेने गेल्यास मानखुर्दलगत भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर लागतो, तर पनवेलच्या दिशेने खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. अशा परिसरातील एखाद्या संशोधकाला अमेरिकेत कायम वास्तव्य करायचे असेल, तर बहुतेक मार्गांवर तेथील मालकाने प्रायोजक व्हावे लागते. याला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे ‘असाधारण क्षमता’ या वर्गातील स्थलांतरित व्हिसा, अर्थात ‘ईबी-१ए’. १९९०च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने निर्माण केलेल्या या वर्गात नोकरीचे पत्र आवश्यक नसते. संशोधक जुईनगरच्या घरी राहूनही ‘आय-१४०’ हा अर्ज स्वतःच्या नावे करू शकतो. मात्र अमेरिकेतही आपण त्याच क्षेत्रात काम करणार आहोत, हे त्याला दाखवावे लागते.

दहापैकी तीन

नोबेलच्या तोडीचा एखादा मोठा सन्मान नसल्यास नियमांतील दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण करावे लागतात. संशोधकांना प्रामुख्याने उपयोगी पडणारे निकष असे : विद्वत्तापूर्ण शोधनिबंध, इतरांच्या संशोधनाचे परीक्षण, क्षेत्रावर ठसा उमटवणारे मौलिक योगदान, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पारितोषिक, निवडक संस्थांचे सदस्यत्व आणि नामांकित संस्थेतील कळीची भूमिका. वर्गणी भरून मिळणारे सदस्यत्व ग्राह्य धरले जात नाही. कर्तृत्व पारखून दिलेली फेलोशिपच तेथे उपयोगी पडते.

पोघोस काझारियन या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रकरणात अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २०१० मध्ये दिलेला निकाल येथे मार्गदर्शक ठरला. शोधनिबंधांचा निकष मोजताना नियमात नसलेली जादा अट लादता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. तरीही काझारियन यांचे दोनच निकष पूर्ण होत असल्याने त्यांचा अर्ज नामंजूरच राहिला. त्याच वर्षी स्थलांतर विभागाने दोन टप्प्यांची पद्धत स्वीकारली : आधी निकषांची मोजणी आणि नंतर एकूण पुराव्यावरून अर्जदार आपल्या क्षेत्राच्या अग्रस्थानी आहे काय, याचा निवाडा. त्यामुळे तीन निकष हा उंबरठा ठरतो, मंजुरीची हमी नव्हे.

कागदपत्रांची पूर्वतयारी

निबंधांची संख्या सांगून भागत नाही. इतर संशोधकांनी ते काम कोठे आणि कशासाठी वापरले, हे दाखवावे लागते. केवळ सहकाऱ्यांच्या शिफारसपत्रांपेक्षा स्वतंत्र तज्ज्ञांची तपशीलवार पत्रे अधिक वजनदार ठरतात. परीक्षणाचे निमंत्रण पुरेसे नसते. परीक्षण प्रत्यक्ष केल्याची नोंद लागते. मराठी वृत्तपत्रात संशोधनाविषयी मजकूर आला असेल, तर मथळा, दिनांक आणि लेखकाचे नाव यांसह त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. मराठीतील जन्मदाखल्यालाही भाषांतराचा हाच नियम लागू होतो. विवाहानंतर नाव बदललेल्या संशोधिकांनी आधीच्या नावाचे निबंध आपलेच असल्याचे सिद्ध करणारी कागदपत्रे वेळीच जमवावीत.

मंजुरीनंतरची रांग

जादा शुल्क भरल्यास विभाग अर्जावर १५ कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही करतो. ही कार्यवाही मंजुरीच असेल असे नाही. नामंजुरी किंवा अधिक पुराव्याची मागणीही होऊ शकते. शिवाय मंजुरी मिळाली तरी व्हिसा लगेच मिळत नाही. प्रत्येक देशावर वार्षिक मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग वेगळी असते. येथे नागरिकत्व नव्हे, जन्मस्थान पाहिले जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये या वर्गातील भारताची तारीख १ जानेवारी २०१२ पर्यंत मागे गेली होती. २०२५च्या मध्यास ती १५ फेब्रुवारी २०२२ होती, म्हणजे तीन वर्षांहून जुन्या अर्जदारांनाच तेव्हा संधी होती. जोडीदाराचा जन्म अन्य देशात झाला असल्यास त्या देशाच्या रांगेचा लाभ घेता येतो. पूर्वी नोकरीच्या अन्य वर्गात अर्ज मंजूर झाला असेल, तर सामान्यतः त्याची जुनी तारीख नव्या अर्जास लागू होते. मुलांची एकविशी जवळ आलेल्या कुटुंबांना हा हिशेब विशेष काळजीपूर्वक करावा लागतो. तारीख आल्यावर पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासातील मुलाखत हे टप्पे उरतात.

रांगेतील स्थान अर्ज दाखल झालेल्या दिवसापासून मोजले जाते. त्यामुळे विलंबाची किंमत मोठी असते. परंतु पात्रताही त्याच दिवशीची पाहिली जाते. नंतर मिळालेला पुरस्कार किंवा नंतर प्रसिद्ध झालेला निबंध त्या अर्जातील उणीव भरून काढू शकत नाही. घाईने केलेला कच्चा अर्ज नामंजूर झाल्यास रांगेतील स्थानही जाते. म्हणून तीन निकष भक्कम पुराव्यानिशी सिद्ध होताच, अधिक मोठ्या यशाची वाट न पाहता अर्ज दाखल करणे श्रेयस्कर ठरते.