सासवडचा मुक्काम

आळंदीहून पंढरीस निघालेली श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी सामान्यतः ज्येष्ठ वद्य एकादशीस पुणे सोडते. त्या दिवशी उपोषण, दिवे घाटाची चढण आणि सुमारे तीस किलोमीटरांची मजल. वाटेवरील मोठ्या मजलांपैकी ही एक. द्वादशीस पालखी सासवडलाच राहते. तो दिवस पारण्याचा, कऱ्हाकाठी वस्त्रे धुण्याचा, दुखऱ्या पायांना तेल चोळण्याचा. परंतु या मुक्कामास केवळ थकव्याचे कारण मानणे उणेपणाचे होईल.

सासवड हे ऐतिहासिक गाव खरेच. पुरंदऱ्यांचा वाडा येथे आहे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७२० साली येथेच देह ठेवला. वारकऱ्यांची पावले मात्र वाड्याकडे क्वचितच वळतात. ती वळतात सोपानदेवांच्या समाधीकडे. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेव आळंदीस समाधिस्थ झाले, आणि अवघ्या एका महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सोपानदेव सासवडास. पालखीचा हा मुक्काम म्हणजे थोरल्या भावाने धाकट्याच्या घरी येणे होय.

नवल असे की, पाहुणा घरी असतानाच यजमान घर सोडतो. त्याच द्वादशीस सोपानकाकांची पालखी पंढरीकडे प्रस्थान ठेवते, तीही निराळ्या वाटेने. दोघे भाऊ पुन्हा भेटतात ते वेळापूरच्या पुढे, तोंडले-बोंडले गावांजवळ. तेथे दोन्ही पालख्यांचे मानकरी श्रीफळ देऊन एकमेकांस आलिंगन देतात.