ढगांवरचं शहर आणि आपली बारडोली



स्वराज आश्रम, ताप्ती लाइन, आपला गणेशोत्सव यांच्या आठवणी आपण नेहमीच काढतो. आज जरा वेगळा विषय घेतोय. एका जुन्या टीव्ही मालिकेच्या एका बदनाम भागाची मला बाजू घ्यायची आहे. त्याचा बारडोलीशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो आपल्या मराठी घरांपर्यंत येतो. थोडा धीर धरून वाचा.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं, हे आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्याकडे अर्धी आळी जमायची. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण टोकदार कानांचा, कधी न हसणारा स्पॉक सगळ्यांना कळायचा. मूळ मालिका अमेरिकेत 1966 ते 1969 या काळात दाखवली गेली. तीन पर्व, एकूण 79 भाग. त्यातलं तिसरं पर्व सगळ्यात कच्चं समजलं जातं. पैसे कमी केले होते, वेळ शुक्रवारी रात्री दहाची दिली होती, आणि मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाला होता. याच पर्वात 28 फेब्रुवारी 1969 रोजी ‘द क्लाउड माइंडर्स’ नावाचा भाग आला. चाहते त्याला फारसं मानत नाहीत. मी मानतो.

गोष्ट थोडक्यात अशी. एका ग्रहावर झाडांना रोग पडलाय आणि तो थांबवायला झेनाइट नावाचं खनिज हवंय. ते मिळतं अर्डाना ग्रहावर. कॅप्टन कर्क आणि स्पॉक ते आणायला जातात. अर्डानाचं शहर, स्ट्रॅटॉस, ढगांमध्ये तरंगतं. तिथली माणसं चित्रं, शिल्पं, तत्त्वचर्चा यांत रमलेली. आपण हिंसा कधीच मागे टाकली, असं ती अभिमानाने सांगतात. खाली जमिनीवर खाणी आहेत. तिथे राबणाऱ्यांना ट्रोग्लाइट म्हणतात. शहराचा कारभारी प्लासस पाहुण्यांना समजावतो की ही खालची माणसं मुळातच मंदबुद्धी आणि भांडखोर, त्यांना वरचं आयुष्य झेपायचं नाही. मग पकडलेल्या व्हॅना नावाच्या ट्रोग्लाइट बाईकडून बंडवाल्यांची नावं काढायला हाच सुसंस्कृत प्लासस तिला यातना देतो.

पुढे जहाजावरचे डॉक्टर मॅकॉय शोधून काढतात की कच्च्या झेनाइटमधून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो श्वासात गेला की बुद्धी मंदावते आणि राग भडकतो. वरचे आणि खालचे मुळात एकाच वंशाचे. जे खाणीपासून काही काळ दूर राहिले, शहरात नोकर म्हणून राहिले, त्यांचं डोकं साफ झालं, आणि बंड त्यांनीच उभं केलं. व्हॅना त्यातलीच.

आता आक्षेप बघू. पहिला म्हणजे सजावट स्वस्तातली वाटते. मान्य. दुसरा, प्लाससची मुलगी ड्रॉक्सीन आणि स्पॉक यांचं प्रेमळ बोलणं. स्पॉक जे गुपित आपल्या जिवलग मित्रालाही धड सांगत नव्हता, ते या मुलीशी पहिल्याच भेटीत बोलतो. चाहते यावर आजही चिडतात, आणि त्यांचं खरं आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो केलाय मूळ कथेच्या एका लेखकानेच. डेव्हिड गेरॉल्ड हा तरुण लेखक ‘ट्रिबल्स’वाल्या गाजलेल्या भागामुळे नावारूपाला आला होता. या भागाची कथा त्याची आणि ऑलिव्हर क्रॉफर्डची, पटकथा मार्गारेट आर्मेन यांची. गेरॉल्डचं म्हणणं असं की त्याला वर्गभेदावर कठोर गोष्ट सांगायची होती. पडद्यावर आलं ते भलतंच. खाणकामगारांना वायू गाळणारे मास्क द्या की सगळे सुखी! प्रश्न मालकीचा आणि हक्काचा, उत्तर मात्र दुकानात मिळणाऱ्या वस्तूचं.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण आपल्या तालुक्याचा इतिहास समोर ठेवून हा भाग पाहिला की वेगळं काहीतरी दिसतं.

आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी माणसांची विभागणी चक्क प्रकाशावरून केलेली होती. पाटीदार, अनाविल, वाणी वगैरे मंडळी उजळीपरज, म्हणजे उजळ लोक. चौधरी, गामीत, धोडिया, दुबळा हे कालीपरज, म्हणजे काळे लोक. ढगांवरचे आणि खाणीतले, अशीच ही विभागणी. त्यातला ‘दुबळा’ शब्द तर मराठी माणसाला समजावून सांगायलाच नको. एका अख्ख्या जातीचं नावच दुबळा! त्यातले बरेच जण हाळी होते. लग्नासाठी धन्याकडून पैसे घ्यायचे आणि मग नवरा-बायकोने त्याच्याकडे राबत राहायचं. कर्ज फिटायचं नाही, कारण ते फिटण्यासाठी दिलेलंच नसायचं. धन्याला म्हणायचे धणियामो. आणि धणियामो हाळीबद्दल काय सांगायचा? आळशी आहे, दारुडा आहे, पैसा हातात टिकत नाही, डोकं नाही. प्लासस वेगळं काय सांगतो?

1928 चा सत्याग्रह आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा आहे, माझ्याही. मुंबई सरकारने शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला, वल्लभभाईंच्या मागे तालुका उभा राहिला, चौकशी झाली आणि वाढ 6 टक्क्यांच्या आसपास आली. ‘सरदार’ ही पदवी इथलीच. पण सारा भरायचा तर जमीन हवी, आणि हाळ्याकडे ती नव्हती. त्या विजयात त्याच्या वाट्याला थेट काही येणार नव्हतं. गांधीवादी कार्यकर्त्यांना हे दिसत होतं. जुगतराम दवे वेडछीला आयुष्यभर आदिवासींमध्ये राहिले. नरहरी परीखांनी सरभोणला दुबळ्यांसाठी रात्रशाळा काढली, तर विरोध केला तो गावच्या पाटीदारांनीच. कालीपरजचं नाव रानीपरज झालं, दुबळ्याचं हळपती झालं. नावं चांगली होती, भावनाही खरी होती. पण हळपती म्हणजे नांगराचा धनी, आणि नांगर कोणाचा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गेरॉल्ड इथे असता तर म्हणाला असता, बघा, हाच तो मास्क. खादी द्या, दारू सोडवा, नाव बदला, आणि मालकी जिथल्या तिथे.

पण सत्याग्रहाच्याही आधीची एक गोष्ट आहे. 1922 च्या नोव्हेंबरात या भागात ‘देवी’ आली. तिला सलाबाईही म्हणत. अंगात येणाऱ्या माणसांच्या तोंडून ती बोलायची. दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारू विकणाऱ्या पारशी जमीनदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो आदिवासी जमायचे आणि गावंच्या गावं दारू सोडायची. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. ही देवी आली कुठून? पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून निघून, डोंगर चढून, नाशिक, डांग, खानदेशच्या वाटेने ती इथवर पोचली. काँग्रेसचे कार्यकर्ते तिथे गेले ते नंतर.

म्हणजे पहिला मास्क वरच्यांनी दिलेला नव्हताच. खालच्यांनी तो स्वतः शोधला होता. आणि तो नुसता श्वास घेण्यापुरता नव्हता. दारू सुटली की दारूवाल्याचं कर्ज सुटतं, आणि कर्ज सुटलं की त्याच्या शेतावर फुकट राबणं सुटतं, हे त्या माणसांना नीट कळत होतं. जमीनदार चिडले ते उगीच नाही.

आता पुन्हा त्या भागाचा शेवट बघा. मास्क मिळाले म्हणून व्हॅना आभार मानून गप्प बसत नाही. आमच्या मागण्या अजून संपलेल्या नाहीत, हे ती प्लाससला तोंडावर सुनावते. प्लासस शेवटपर्यंत बदलत नाही, धुसफुसतच राहतो. हा गोड शेवट आहे का? मला तरी वाटत नाही. मास्क हा या गोष्टीत पहिला श्वास आहे. तो मिळाल्यावर माणूस काय मागेल, ते मालिकेने मोकळं सोडलंय. गेरॉल्डला हवी होती त्यापेक्षा गोष्ट सौम्य झाली, हे खरं. पण तो म्हणतो तितकी ती भाबडी राहिलेली नाही.

आणि वायूची कल्पना तर मला फारच नेमकी वाटते. वायू दिसत नाही, त्यामुळे त्याचे परिणाम माणसाचा स्वभाव म्हणून खपतात. गोध्र्याकडच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत अलिराजपूर-झाबुआचे आदिवासी कामाला गेले आणि धुळीने त्यांची फुप्फुसं गेली. सिलिकोसिस कित्येकदा क्षय समजला जातो, आणि क्षय म्हटला की लोक बोट दाखवतात ते माणसाच्या राहणीकडे. धूळ सुटते.

इथे मला आपल्या मराठी घरांकडे यायचंय.

पन्नासच्या दशकात बारडोलीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि तालुका उसाने हिरवा झाला. ऊस तोडायला माणसं लागली. इथले हळपती हाताशी होते, कामाला महाग होते. तरी तोड कामगार आणले गेले लांबून, डांगमधून आणि धुळे जिल्ह्यातून. नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला 1998 मध्ये. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी या टोळ्यांमध्ये फिरून 1978 मध्ये यावर लिहिलं. मालक मंडळी त्यांना सांगत, इथले हळपती आळशी, भरवशाचे नाहीत. ब्रेमन यांना दिसलं ते असं की परमुलखातला माणूस रात्रीबेरात्री कधीही उठवता येतो, उचल दिलेली असल्याने मध्येच पळून जात नाही आणि हंगाम संपला की परत पाठवता येतो. पुन्हा तेच. सोय मालकाची आणि दोष मजुराच्या स्वभावाचा.

दिवाळीच्या आसपास ट्रक भरून या टोळ्या यायच्या, आजही येतात. एक नवरा, एक बायको आणि बरेचदा एक पोर मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजणी अवजाराने. शेताच्या कडेला, रस्त्यालगत पडाव पडायचा. ताडपत्रीच्या आणि पाचटाच्या कोप्या, तीन दगडांची चूल, ज्वारीची भाकरी. पुरुष तोडायचा, बाई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, उरलेले वाढे विकून चार पैसे करायची.

आणि त्यांची बोली! मावची, भिली, अहिराणी. कान दिला तर निम्मी आपल्याला समजायची. शेजारचे गुजराती गमतीने म्हणायचे, ‘तमारा गामवाळा आव्या.’ आपल्या घरांतलं उत्तर ठरलेलं असायचं, ‘छे, ते वेगळे.’ आपण रेल्वेत, बँकेत, शाळेत नोकरीला आलेली माणसं, स्वच्छ गुजराती बोलणारी, पांढरपेशी. नाव महाराष्ट्राचं लागलं तरी त्या पडावाशी आपलं नातं लागू नये, ही काळजी तेव्हा बहुतेक घरांना होती. काही घरं मात्र वेगळी होती. तिथल्या आज्या पाण्याचा हंडा भरू द्यायच्या, उंबऱ्यावर बसवून गावाकडचं विचारायच्या, तापाची गोळी द्यायच्या. एक आजी त्यांच्याशी अहिराणीतच बोलायची आणि त्या बायांचे चेहरे उजळायचे.

हाच विषय त्या भागात ड्रॉक्सीनच्या रूपाने येतो. ज्या मुलीची चाहते टिंगल करतात, तिचा शेवट आठवून बघा. ती म्हणते, आता मी खाणीत जाऊन बघणार, नुसत्या ढगांत राहायचं नाही. तिचं स्पॉकशी बोलणं कितीही खटको, संपूर्ण स्ट्रॅटॉसमध्ये खाली उतरून बघावंसं वाटणारी ती एकटीच आहे. ती वाईट नव्हती, तिने पाहिलं नव्हतं एवढंच. अशी माणसं ढगांवर पुष्कळ असतात, आणि या भागाला त्यांच्याकडून आशा आहे.

सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांपूर्वी अमेरिकेत बसून, तिथल्या काळ्या-गोऱ्यांच्या दंगलींच्या दिवसांत, कोणीतरी ही गोष्ट टीव्हीवर सांगितली. घाईत सांगितली, स्वस्तात सांगितली. पण ‘ती माणसं तशीच असतात’ या वाक्यामागे कुठला वायू आहे ते आधी शोधा, एवढं तिने पक्कं सांगितलं. उजळीपरज-कालीपरजच्या तालुक्यात हे कळायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत.

म्हणून विनंती एवढीच. भाग मिळाला तर मुलांना घेऊन नक्की बघा. पन्नासएक मिनिटांचा आहे. आणि घरात ऐंशी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांना पडावांबद्दल विचारा. कुठल्या गावचे लोक यायचे, काय बोलायचे, आपल्या घरातून त्यांना काय दिलं जायचं, काय नाही. स्वराज आश्रमाचा इतिहास लिहून ठेवणारे खूप झाले. हे सांगणारे आता थोडेच उरलेत.