तिकिटे, जुनी प्रवासी (मुरबाड–शहापूर)

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर तालुक्यांत जुन्या ट्रंकांत, पोथ्यांच्या पानांत आणि जमाखर्चाच्या वह्यांत सापडणारी एसटी व रेल्वेची तिकिटे. दोन्ही तालुक्यांचा संग्रह सारखा नसतो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही स्थानके शहापूर तालुक्यात असल्याने तिथे रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटे हाती लागतात. मुरबाडला रेल्वे अद्याप पोचलेली नाही. तीसेक किलोमीटरवरचे कल्याण हेच तिथल्यांचे स्थानक, आणि तिथवर नेणारी एसटी. म्हणून मुरबाडचा संग्रह मुख्यतः एसटीच्या पातळ कागदी तिकिटांचा असतो. वाहतुकीवर पैसे घेण्याची या भागातली रीत मात्र फार जुनी आहे: मुरबाड तालुक्याच्या सीमेवरील नाणेघाटाच्या माथ्याचा दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरेने मानले जाते.

एसटीची तिकिटे : कंडक्टरच्या ट्रेमध्ये निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे असत आणि भाड्याची रक्कम दोन-तीन तिकिटे जोडून पुरी केली जाई. 1 रुपया 60 पैसे भाडे असेल, तर एक रुपयाचे, पन्नास पैशांचे आणि दहा पैशांचे अशी तीन तिकिटे प्रवाशाच्या हाती पडत. त्यामुळे सुट्या तिकिटावरची किंमत म्हणजे पूर्ण भाडे नव्हे. नवा संग्राहक सर्वाधिक चुकतो तो इथेच. एकाच ठिकाणी दुमडून ठेवलेली तिकिटे म्हणूनच कधीही विलग करू नयेत. पंचने पाडलेले भोकही किमतीइतकेच मोलाचे असते. भाडे टप्प्यांवर ठरते, एक टप्पा सहा किलोमीटरचा. भोक कोणत्या आकड्यावर आहे हे मार्गाच्या टप्प्यांशी ताडून पाहिले, तर प्रवासाचा अंदाज बांधता येतो.

या तिकिटावर बहुधा तारीख नसते, तरी चलन बरेच सांगून जाते. किंमत आण्यांत असेल, तर छपाई 1 एप्रिल 1957 पूर्वीची धरावी. त्या दिवशी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर नवे पैसे झाले. 12, 19, 31 किंवा 37 नवे पैसे अशा अडनिड्या रकमा हा त्या संक्रमणाचा सुंदर पुरावा आहे: त्या अनुक्रमे दोन, तीन, पाच आणि सहा आण्यांच्या सरकारी रूपांतराशी तंतोतंत जुळतात. ‘नवे’ हे विशेषण 1 जून 1964 पासून वगळले गेले. म्हणजे ‘न. पै.’ छापलेले तिकीट साधारण 1957 ते 1964 या सात वर्षांतले.

दुसरा आधार संस्थेच्या नावाचा. राज्य परिवहनाची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्याआधीच्या खासगी सर्व्हिस मोटारींच्या पावतीवर मालकाचे किंवा कंपनीचे नाव असे. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख असलेले तिकीट महाराष्ट्राच्या स्थापनेआधीच्या व्यवस्थेचे, तर ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ हे नाव 1961 पासूनचे.

रेल्वेची तिकिटे : पुठ्ठ्याचे छोटे तिकीट थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराच्या पद्धतीचे, सुमारे 57 बाय 31 मिलिमीटरचे, अनुक्रमांकासह आधीच छापलेले. खिडकीवर देताना यंत्राच्या दाबाने कडेला तारीख उमटवली जाई. ती शाईने उठली नसेल, तर तिकीट उजेडात तिरपे धरावे. दाबलेले आकडे सावलीतून वाचता येतात. वर्षाचे दोनच आकडे असले, तर वर्गावरून ताडून पाहावे. तृतीय वर्ग 1974 मध्ये द्वितीय झाला, त्यामुळे ‘तृतीय’ छापलेले तिकीट त्याआधीचे. ‘जी. आय. पी.’ हे नाव मध्य रेल्वेच्या स्थापनेपूर्वीचे, म्हणजे 5 नोव्हेंबर 1951 आधीचे. मुंबईच्या व्ही. टी. स्थानकाचे सी. एस. टी. झाले 1996 मध्ये. स्थानकाच्या नावावरून सर्वांत जुनी मर्यादाही कळते: वासिंदपर्यंत रेल्वे 1855 मध्ये पोचली, आसनगावपर्यंत 1860 मध्ये, कसाऱ्यापर्यंत 1861 मध्ये. कसाऱ्याचे तिकीट 1861 पूर्वीचे असूच शकत नाही.

सावधगिरी : पंचचे भोक आणि दाबून उमटवलेली तारीख सोडली, तर वरील सर्व खुणा छपाईचा काळ सांगतात, प्रवासाचा नव्हे. नाव वा दर बदलला तरी छापून ठेवलेला साठा लगेच रद्दीत जात नसे. कधी त्यावर रबरी शिक्का मारून नवी किंमत घातली जाई. अशा वेळी शिक्का प्रमाण मानावा आणि मूळ छपाई केवळ पूर्वमर्यादा. तिकीट ज्या वहीत सापडले त्या पानावरची तारीख हा तर सर्वांत भक्कम पुरावा; ती टिपून घेतल्याशिवाय तिकीट तिथून हलवू नये.

जतन : तिकिटे प्लॅस्टिकला चिकटवू नयेत, पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच लावू नये, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवावीत. पुढे कंडक्टरच्या हाती आलेल्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावर तारीख, वेळ, मार्ग सारे असते, पण ते औष्णिक कागदावर उमटते. उष्णतेने, उजेडाने नि तेलकट बोटांनी हा मजकूर काही वर्षांतच पुसट होतो. आण्यांचे तिकीट आजही वाचता येते, आणि कालपरवाचे कोरे पडलेले असते. म्हणून यंत्राच्या तिकिटाचे छायाचित्र ते हाती येताच काढावे आणि मार्ग, तारीख व भाडे सोबतच्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावे.