केडगावची विहीर

उपास, तीर्थयात्रा, पुराणवाचन सारे करूनही आईवडील दुष्काळात भुकेने गेले, हे पंडिता रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले होते. तरी १८८३ साली ख्रिस्ती झालेल्या याच बाईंनी पुन्हा देवावर भार टाकला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या. केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली.

भार टाकला म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेत पिकवले, माग चालवले. छापखान्यात बायकाच खिळे जुळवू लागल्या. पाणी देवाचे, पोहरा मात्र आपला. शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. १९२२ साली त्या गेल्या. भूक पाहिलेल्या माणसाची श्रद्धा प्रार्थनेवरून उठून कामाला लागते.