जमीन सरकारची, संघ मार्शलचा

बीएड झाल्यावर नोकरीसाठी ज्या मुलाखती दिल्या त्यातली एक अजून आठवते. मराठीच्या शिक्षकाची जागा होती. संस्थेचे अध्यक्ष बोलायला गोड. चहा पाजला, "तुमचे मराठी उच्चार किती शुद्ध हो!" असे कौतुकही केले. (या कौतुकाची आपल्यापैकी अनेकांना सवय आहे.) निघताना दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "सर, माझी स्वतःची काहीच हरकत नाही, पण पालकांचा विचार करावा लागतो ना." ते पालक कोण, त्यांना कोणी कधी विचारले, हे मला आजवर कळलेले नाही.

पालकांच्या जागी प्रेक्षक घातले की हेच कारण अमेरिकेतला एक माणूस वर्षानुवर्षे पुढे करत होता. जॉर्ज प्रेस्टन मार्शल. वॉशिंग्टन शहरातल्या व्यावसायिक फुटबॉल संघाचा मालक. हे कारण त्याला कशामुळे गिळावे लागले आणि त्यानंतर 1962 च्या हंगामात मैदानावर काय घडले, त्याची ही हकीकत.

आधी खेळाविषयी दोन शब्द, कारण आपल्याकडच्या फुटबॉलशी त्याचा नावापलीकडे फारसा संबंध नाही. चेंडू लंबगोल, आणि तो मुख्यतः हाताने खेळायचा. मैदान 100 यार्डांचे, बाजूला अकरा-अकरा खेळाडू. चेंडू घेऊन धावत किंवा फेकलेला चेंडू झेलत समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचले की 'टचडाउन', त्याचे सहा गुण. धक्काबुक्की हा खेळाचाच भाग. कबड्डी पाहणाऱ्या माणसाला हा खेळ क्रिकेटवाल्यापेक्षा लवकर समजतो, असा माझा अनुभव आहे.

मार्शलचा मूळ धंदा धुलाईच्या दुकानांचा. 1932 मध्ये त्याने बॉस्टनमध्ये संघ काढला, पुढच्या वर्षी त्याला 'रेडस्किन्स' नाव दिले आणि 1937 मध्ये संघ वॉशिंग्टनला हलवला. हे नाव अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना उद्देशून वापरला जाणारा अपमानकारक शब्द होता, पण ती वेगळीच कहाणी. माणूस कल्पक, हे कबूल करायला हवे. बँडपथक, संघाचे स्वतःचे गाणे, मध्यंतरातला तमाशा, हे सगळे त्याने आणले. खेळ म्हणजे रंगभूमी आणि आपण नाटक कंपनीचे मालक, अशीच त्याची समजूत होती. वॉशिंग्टनमध्ये पहिल्याच वर्षी संघ विजेता ठरला, 1942 मध्ये पुन्हा.

त्या काळात कृष्णवर्णीय खेळाडू न घेणारा तो एकटा नव्हता. 1920 च्या दशकात लीगमध्ये मोजके कृष्णवर्णीय खेळत होते, पण 1934 पासून 1945 पर्यंत एकही नाही. कुठे नियम लिहिलेला नव्हता. लिहिण्याची गरज नसते. ही कोंडी फुटली 1946 मध्ये, आणि कशी फुटली ते पाहण्यासारखे आहे. 'रॅम्स' नावाचा संघ क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला आला आणि तिथले कोलिझियम हे प्रचंड मैदान मागू लागला. मैदान सार्वजनिक पैशाने बांधलेले. हॅली हार्डिंग नावाच्या कृष्णवर्णीय पत्रकाराने मैदानाच्या मंडळासमोर उभे राहून विचारले की आमच्या करातून बांधलेल्या मैदानावर आमच्या मुलांना बंदी कशी? रॅम्सना केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड या दोघांना घ्यावे लागले. पुढच्या वर्षांत एकेक करून बाकीचे संघही बदलले. उरला एकटा मार्शल.

त्याचे कारण ठरलेले होते. त्याचे सामने दक्षिणेकडच्या राज्यांत रेडिओ-टीव्हीवर दाखवले जात. तिथल्या गोऱ्या प्रेक्षकांना चालणार नाही, जाहिरातदार पळून जातील. संघाच्या गाण्यातही दक्षिणेचे नाव घातलेले होते. या गाण्याची एक गंमत आहे. डॅलसमध्ये नवा संघ निघणार होता आणि मार्शल त्याला आडवा येत होता, कारण दक्षिणेतली त्याची मक्तेदारी जाणार होती. डॅलसच्या मालकाने गुपचूप मार्शलच्या लाडक्या गाण्याचेच हक्क विकत घेतले. गाणे परत हवे असेल तर मत दे! मार्शलने मत दिले. 1960 मध्ये डॅलसचा संघ लीगमध्ये आला. या माणसाला पैशाची आणि हक्काची भाषा चांगली कळत होती, दुसरी कळत नव्हती.

आणि ज्या शहरात हे चालले होते ते शहर कोणाचे? 1960 च्या जनगणनेत वॉशिंग्टनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. म्हणजे मार्शलचे प्रेक्षकही त्यांच्यातलेच. पण 'प्रेक्षक' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे ते येतच नव्हते. मला त्या अध्यक्षांची आठवण येते ती इथे. आपल्या वस्तीतल्या मुलांचे आईबापही पालकच असतात की.

मैदानावर या हट्टाची किंमत संघ मोजत होता. 1959 मध्ये क्लीव्हलँडचा एक तरणाबांड खेळाडू वॉशिंग्टनविरुद्ध एका सामन्यात 232 यार्ड धावला. त्याचे नाव बॉबी मिचेल, ते लक्षात ठेवा. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे क्रीडा स्तंभलेखक शर्ली पोविच, हे गृहस्थ, बाई नव्हेत, मार्शलची दर आठवड्याला सालटी काढत. वर्णभेद हटवण्याच्या कायद्यात जी शब्दरचना असे ती सामन्याच्या वर्णनात वापरायची त्यांची लकब होती. समोरच्या कृष्णवर्णीय खेळाडूने टचडाउन केला की मार्शलच्या पट्ट्यात वर्णभेद मोडला गेला, असे ते गंभीर चेहऱ्याने लिहीत. 1960 मध्ये संघाने एकच सामना जिंकला. मार्शल हलला नाही.

हलवले ते जमिनीने. तोपर्यंत संघ ज्या ग्रिफिथ मैदानावर खेळत होता ते खाजगी मालकीचे. पण आता पूर्वेकडे अ‍ॅनाकोस्टिया उद्यानात नवे डी. सी. स्टेडियम उभे राहत होते आणि मार्शलने तीस वर्षांचा करार केला होता. ही जमीन केंद्र सरकारची, राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याखालची. ते खाते ज्यांच्या हाती, ते केनेडी यांचे अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडाल. (अंतर्गत म्हणजे आपल्यासारखे गृहखाते नव्हे, जमिनी, उद्याने, खाणी यांचे खाते.) मार्च 1961 मध्ये त्यांनी मार्शलला कळवले की सरकारी जमिनीवर नोकरीत भेदभाव करता येणार नाही. नेमणुका बदला, नाहीतर मैदान मिळणार नाही.

मार्शल भडकला. नाटकात कोणाला कोणती भूमिका द्यायची हे सरकार कधीपासून ठरवू लागले, असा त्याचा सूर होता. बाहेर अमेरिकन नाझी पक्षाची माणसे फलक घेऊन उभी राहिली की संघ गोराच ठेवा. दुसऱ्या बाजूला नागरी हक्क संघटनांची निदर्शने. या दोन रांगांमधून प्रेक्षक आत जात होते. ऑक्टोबरमध्ये नव्या मैदानावरचा पहिला सामना न्यूयॉर्कविरुद्ध झाला आणि संघ हरला. युडाल यांनी मुदत थोडी वाढवली होती. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी मध्यस्थी केली आणि डिसेंबरमध्ये नव्या खेळाडूंची निवड होईल तेव्हा बदल करू, असे मार्शलने मान्य केले. त्या 1961 च्या हंगामात चौदा सामन्यांपैकी बारा हरले, एक बरोबरीत, आणि अगदी शेवटचा, डॅलसविरुद्धचा, तेवढा जिंकला.

आता एक विचित्र योग पाहा. या लीगमध्ये महाविद्यालयांतून येणारे खेळाडू वाटून घेण्याची पद्धत आहे, तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. जो संघ सर्वांत वाईट, त्याला पहिली निवड. कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवून ठेवून मार्शल तळाला गेला, आणि तळाला गेल्यामुळेच देशातला सर्वांत चांगला तरुण खेळाडू निवडायचा पहिला हक्क त्याच्या हाती आला. तो खेळाडू होता सिराक्यूज विद्यापीठाचा एर्नी डेव्हिस. महाविद्यालयीन खेळातला सर्वोच्च मान, हाइझमन करंडक, मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. मार्शलच्या संघाने त्याला निवडले आणि लगेच क्लीव्हलँडला देऊन टाकले. बदल्यात दोन खेळाडू आले, लिरॉय जॅक्सन आणि बॉबी मिचेल.

एर्नी डेव्हिसची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला ती फार उरत नाही. 1962 च्या उन्हाळ्यात त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचे निघाले. व्यावसायिक सामना एकही न खेळता तो 18 मे 1963 रोजी गेला. वय 23.

मिचेलचे वॉशिंग्टनमधले स्वागत कसे झाले ते त्यानेच पुढे अनेकदा सांगितले. स्वागताच्या भोजनात बँडने 'डिक्सी' वाजवायला सुरुवात केली. हे गाणे म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचे जणू राष्ट्रगीत. मार्शलने मिचेलकडे वळून त्यालाही गायला सांगितले. मार्शलला मी 'तो' म्हणतो आहे, मिचेललाही. पहिल्याला रागाने, दुसऱ्याला आपण आवडत्या फलंदाजाला म्हणतो तसे.

16 सप्टेंबर 1962. हंगामाचा पहिला सामना, तोही डॅलसमध्ये, म्हणजे ज्या दक्षिणेचा बाऊ केला होता तिथेच. मिचेलने एक किक झेलून 92 यार्ड धाव घेतली आणि टचडाउन केला. त्याखेरीज चेंडू झेलून आणखी दोन. सामना 35-35 असा बरोबरीत सुटला. पुढच्या आठवड्यात क्लीव्हलँड, त्याचा जुना संघ, ज्याने त्याला देऊन टाकले होते. वॉशिंग्टन मागे होते. मिचेलने चेंडू झेलला, बचावपटूंना चुकवत 50 यार्डांचे अंतर संपवले आणि सामना 17-16 असा जिंकून दिला. मग सेंट लुईस हरले, लॉस एंजेलिस हरले. सेंट लुईसशी पुढे एक बरोबरी, मग फिलाडेल्फियावर विजय. पहिल्या सहा सामन्यांत चार विजय, दोन बरोबरी, पराभव शून्य. वर्षभरापूर्वी ज्याने चौदांत एक जिंकला होता, तोच हा संघ.

मग न्यूयॉर्कने 49-34 असे हरवले. त्या दिवशी वाय. ए. टिटल याने सात टचडाउन फेकले, आणि तिथून संघाची घडी विस्कटली. उरलेल्या आठ सामन्यांत एकच विजय, तोही पुन्हा क्लीव्हलँडवर. हंगामाचा हिशेब: पाच विजय, सात पराभव, दोन बरोबरी. चित्रपट असता तर संघ विजेता झाला असता. खरे असे की बचाव कच्चा होता, आणि वर्षानुवर्षे कुजवलेला संघ एका माणसाने दुरुस्त होत नाही. त्या वर्षी मिचेलसोबत आणखी तीन कृष्णवर्णीय खेळाडू संघात होते: जॅक्सन, जॉन निस्बी आणि रॉन हॅचर. निस्बी पिट्सबर्गहून आलेला अनुभवी गडी. इतरांना वाट करून द्यायची ही त्याची जागा, म्हणून त्याचे नाव कमी ऐकू येते.

सरकारी दट्ट्याने मने बदलत नाहीत, असे आपल्याकडेही नेहमी म्हटले जाते. मार्शलचे मन खरोखरच बदलले नाही. 1969 मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात मुलांच्या मदतीसाठी संस्था काढायला पैसे होते, आणि सोबत अट होती की वर्णीय एकत्रीकरणाला कोणत्याही स्वरूपात मदत होईल अशा कामावर त्यातला पैसा खर्च करू नये. तर, मन तिथेच होते. पण मिचेलला मार्शलचे मन नको होते, मैदान हवे होते. मलाही त्या अध्यक्षांचे मन नको होते, वर्ग हवा होता. युडाल यांनी कोणाला प्रेम करायला सांगितले नाही, भाडेकराराची अट दाखवली. दोन्ही वेळा, लॉस एंजेलिसला आणि वॉशिंग्टनला, दार उघडले ते जमीन जनतेची होती म्हणून. मैदान खाजगी असते तर मार्शल किती वर्षे थांबला असता कोण जाणे.

मिचेल 1968 पर्यंत खेळला, नंतर संघाच्या कार्यालयात 2003 पर्यंत राहिला. सहायक सरव्यवस्थापक झाला. सरव्यवस्थापकाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती दुसऱ्याला मिळाली, आणि ते त्याला लागले. एप्रिल 2020 मध्ये तो 84 व्या वर्षी गेला. दोन महिन्यांनी जुन्या मैदानाबाहेरचे मार्शलचे स्मारक हटवण्यात आले, संघाने त्याचे नाव काढून मैदानातल्या खालच्या सज्ज्याला मिचेलचे नाव दिले, आणि जुलैमध्ये 'रेडस्किन्स' हे नावही गेले. तेव्हाही प्रायोजक कंपन्यांनी पैशाचा चिमटा काढल्यावरच.

म्हातारपणी मिचेलची एक तक्रार होती. जो तो आपल्याला 'पहिला कृष्णवर्णीय' म्हणून ओळखतो, आपण खेळलो कसे ते कोणी बोलत नाही. या लेखानेही आतापर्यंत जवळपास तेच केले. म्हणून नोंदवून ठेवतो: 1962 च्या हंगामात बॉबी मिचेलने 72 झेल घेतले, 1,384 यार्ड, 11 टचडाउन. झेल आणि यार्ड, दोन्हींत त्या वर्षी लीगमध्ये पहिला.