मोरारजी देसाई आणि ठाणे जिल्ह्याचे उत्तर टोक

मोरारजी देसाई यांच्या मुंबईतील कारकिर्दीचा विचार मराठी लेखनात बहुधा २१ नोव्हेंबर १९५५ पासून सुरू होतो. फ्लोरा फाउंटनवरील गोळीबार आणि जानेवारी १९५६ मधील भीषण प्रसंग पाहता ते स्वाभाविकही आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे बळी पडली आणि त्यांपैकी बहुतेकांचा अंत मोरारजी मुख्यमंत्री असताना झाला. या कठोरतेचे मूळ त्यांच्या गुजरातीपणात शोधण्याची आपली रीत आहे. अच्छाडपाशी, जेथे १९६० पासून महाराष्ट्राची हद्द संपते, तेथील इतिहास पाहू जाता हे स्पष्टीकरण अपुरे वाटू लागते.

या मुलखाचा त्यांच्याशी संबंध दहा वर्षे आधीचा. मे १९४५ मध्ये तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांनी वेठबिगार न करण्याचा निर्धार केला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने गवतकापणीस पाचशे पौंडांमागे अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड व आणखी काही वारली मारले गेले. त्या वेळी प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळच नव्हते, तेव्हा तो दोष मोरारजींकडे जात नाही. मात्र १९४६ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात ते गृहमंत्री झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस परुळेकर दांपत्यास जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथे पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. झगडा मजुरीचा होता. भाषेचा त्यात संबंध नव्हता.

गृहखात्याबरोबर महसूल खातेही त्यांच्याकडेच होते, आणि त्याच राजवटीत १९४८ चा कूळकायदा झाला, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. मला यात विसंगती दिसत नाही. कुळाला हक्क सरकारने द्यावा, कुळाने तो मागण्यासाठी जमू नये, ही वृत्ती १९१८ ते १९३० या काळात डेप्युटी कलेक्टरी केलेल्या माणसाची आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये द्विभाषिकाविरुद्ध उठलेल्या अहमदाबादच्या विद्यार्थ्यांवरही गोळीबार झाला, तोही ते मुख्यमंत्री असतानाच. पुढे तेथे त्यांनी उपोषण केले, तेव्हा लोकांनी त्यांच्या सभेकडे पाठ फिरविली. मराठी वाचकास हे सहसा स्मरत नाही.

अर्थात यामुळे मुंबईच्या प्रश्नातील त्यांची भूमिका निर्दोष ठरत नाही. मुंबई महाराष्ट्रास न देण्याच्या त्यांच्या आग्रहात मला पक्षपात दिसतोच. गोळीबाराचे कारण मात्र केवळ त्यातच शोधता येणार नाही.

१ मे १९६० रोजी उंबरगाव तालुका दुभंगला. उंबरगाव गुजरातेत गेले, झरी महाराष्ट्रात राहिली. ग्रिअर्सनने मराठीच्या बोलींत घातलेली वारली बोलणारी माणसे हद्दीच्या दोन्ही अंगांस राहिली. मोरारजी त्या दिवशी दिल्लीत केंद्राचे अर्थमंत्री होते.